उड्डाणशिक्षणाचा खर्च आणि प्रवेशाचा प्रश्न : आरंभीच्या विमानशाळा व फ्लाइंग क्लब यांचा ऐतिहासिक मागोवा (१९१० ते १९३९)

प्रस्तावना

विमानविद्येच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी विक्रमांच्या अंगाने झाले आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल राइट यांनी किटी हॉकजवळ केलेले १२ सेकंदांचे उड्डाण, १९०९ मध्ये लुई ब्लेरिओ यांनी विमानाने ओलांडलेली इंग्लिश खाडी, १९२७ मधील चार्ल्स लिंडबर्ग यांचा अटलांटिकवरील एकाकी प्रवास हे टप्पे विद्यार्थ्यांना परिचित असतात. मात्र वैमानिक घडतो कोठे, त्याला शिकवितो कोण आणि त्या शिक्षणाचे पैसे भरतो कोण, हे प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहेत. वास्तविक कोणत्याही तंत्रविद्येचा प्रसार तिच्या शोधावर जितका अवलंबून असतो, तितकाच ती शिकविण्याच्या व्यवस्थेवरही अवलंबून असतो. छापखाना, आगगाडी, मोटार यांच्याबाबतीत हे दिसून आले आहे. विमान हे त्यांच्याहून महाग व धोकादायक यंत्र असल्याने येथे हा प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहिला.

प्रस्तुत लेखात १९१० ते १९३९ या कालखंडातील उड्डाणशिक्षणाच्या खर्चाचा व त्याच्याशी निगडित प्रवेशाच्या प्रश्नाचा वेध घेतला आहे. अमेरिका, फ्रान्स व ब्रिटन येथील आरंभीच्या शाळा आणि त्यानंतर भारतात निघालेले फ्लाइंग क्लब असा विवेचनाचा क्रम आहे. उड्डाणशिक्षण स्वस्त झाले ते केवळ विमानाची किंमत उतरल्यामुळे नव्हे, तर शिकाऊ उमेदवाराच्या खर्चाचा व जोखमीचा काही भाग दुसऱ्या कोणीतरी उचलल्यामुळे. आणि हा भार ज्याने उचलला, त्यानेच आकाशाचे दार कोणासाठी उघडायचे हे बव्हंशी ठरविले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मिनिटांच्या हिशोबाने मिळणारी विद्या

राइट बंधूंनी १९१० मध्ये प्रथम अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे व नंतर आपल्या डेटन या गावाजवळील हफमन प्रेअरी या कुरणात उड्डाणाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याला आधी जमिनीवरच बसविले जाई. एका जुन्या विमानाचा सांगाडा लाकडी घोडीवर तोलून ठेवलेला असे व तो सतत एका बाजूस कलंडत राही. हातातील दांडा योग्य वेळी हलवून तो सावरण्याची सवय लागली की मगच प्रत्यक्ष उड्डाणाची पाळी येई. आकाशातला प्रत्येक क्षण महाग असल्यामुळे जितके जमिनीवर शिकविता येईल तितके जमिनीवरच शिकवावे, हा यामागचा व्यवहार होता. पुढे विकसित झालेल्या कृत्रिम उड्डाणयंत्रांची बीजे या लाकडी घोडीत आढळतात.

हवेतील धडे अत्यंत आखूड असत. पुढे अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख झालेले हेन्री आर्नोल्ड यांनी मे १९११ मध्ये येथे शिक्षण घेतले. अल वेल्श या प्रशिक्षकाबरोबर त्यांनी २८ उड्डाणे केली आणि त्या सर्वांचा मिळून अवधी होता अवघा ३ तास ४८ मिनिटे. म्हणजे एक धडा सरासरी आठ मिनिटांचा. आर्नोल्ड हे लष्कराने पाठविलेले अधिकारी असल्याने त्यांच्या शुल्काची चिंता लष्कराला होती. खासगी विद्यार्थ्याची स्थिती निराळी होती. १९१५-१६ च्या सुमारास याच शाळेत सुमारे चार तासांच्या शिक्षणासाठी २५० डॉलर घेतले जात. सरासरी मिनिटाला एक डॉलरहून थोडा अधिक असा हा दर पडतो.

ब्रिटनमध्ये तत्कालीन खासगी शाळांचे प्रचलित शुल्क ७५ पौंड होते. रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याने आधी स्वखर्चाने रॉयल एरो क्लबचे प्रमाणपत्र मिळवावे व निवड झाल्यावर ही रक्कम शासनाने परत करावी, असा नियम होता. पुढे ब्रिटिश हवाई दलाचे शिल्पकार ठरलेले ह्यू ट्रेंचर्ड हे १९१२ मध्ये याच मार्गाने आले. वयाची चाळिशी ओलांडल्यास संधी जाणार असल्याने त्यांनी ३९ व्या वर्षी ब्रुकलँड्स येथील सॉपविथ यांच्या शाळेत प्रवेश घेतला आणि ३१ जुलै १९१२ रोजी प्रमाणपत्र मिळविले. या संपूर्ण शिक्षणात ते हवेत होते केवळ ६४ मिनिटे.

परताव्याची ही पद्धत वरकरणी उदार वाटते. परंतु आधी ७५ पौंड उभे करण्याची ऐपत असणे ही तिची अलिखित अट होती. शासन पैसे देत होते, पण ज्याच्यापाशी ते आधीच आहेत त्यालाच देत होते. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षअखेरीस हाती पडण्याचा अनुभव असलेल्या शिक्षणक्षेत्राला ही विसंगती अपरिचित नाही.

मोडतोडीचा भार कोणावर?

शुल्काच्या आकड्यामागे आणखी एक खर्च दडलेला असे. तो म्हणजे मोडतोडीचा. शिकाऊ माणसाच्या हातून विमान आदळणे ही त्या काळी नित्याची बाब होती. हा धोका कमी करण्यासाठी फ्रान्समधील ब्लेरिओ यांच्या शाळांनी वेगळा मार्ग काढला. तेथे विद्यार्थी प्रथमपासून एकटाच बसे, मात्र त्याला दिलेल्या यंत्राचे पंख इतके आखूड केलेले असत की ते उडूच शकत नसे. ‘पेंग्विन’ या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रे मैदानावर नुसती धावत. सरळ रेषेत धावणे साधले की थोडे मोठे पंख, मग जमिनीलगतची लहानशी झेप आणि शेवटी पूर्ण उड्डाण, अशा पायऱ्या ठरलेल्या होत्या. दुसऱ्या आसनाचे विमान व सोबत बसणारा प्रशिक्षक यांचा खर्च यामुळे वाचत असे.

जेथे असा उपाय नव्हता तेथे विद्यार्थ्याकडून अनामत रक्कम मागितली जाई. तिचा परिणाम काय होत असे, हे लिंडबर्ग यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. एप्रिल १९२२ मध्ये ते नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील एका विमान कंपनीच्या शाळेत दाखल झाले. शुल्क ५०० डॉलर होते. सुमारे आठ तासांचे शिक्षण झाल्यावर एकट्याने उडण्याची वेळ आली, तेव्हा विमानाचे नुकसान झाल्यास भरपाईची हमी म्हणून स्वतंत्र रक्कम ठेवण्याची अट पुढे आली. ती रक्कम त्यांच्याजवळ नव्हती. त्यातच शाळेने आपले शिकवणीचे विमान विकून टाकले. पूर्ण शुल्क भरूनही एकल उड्डाण न करताच त्यांना शाळा सोडावी लागली. पुढील वर्षी जॉर्जिया राज्यात त्यांनी महायुद्धानंतर उरलेले एक ‘जेनी’ विमान ५०० डॉलरना विकत घेतले आणि आयुष्यातील पहिले एकल उड्डाण त्यातच केले. जितके पैसे शाळेला दिले, तितक्यात अखंड विमान मिळाले, हा योगायोग बोलका आहे. लिंडबर्ग यांना पद्धतशीर शिक्षण मिळाले ते १९२४ नंतर लष्करी छात्र म्हणून. तेथे पैसे भरावे लागले नाहीत, पण शंभरहून अधिक छात्रांपैकी वीसहून कमी जण अखेरपर्यंत टिकले. शुल्काची जागा कठोर निवडीने घेतली होती.

शाळा निवडताना जाहीर शुल्कापेक्षा ‘त्या शुल्कात काय समाविष्ट नाही’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो, हे या प्रकरणावरून दिसते.

पैसा असूनही बंद असलेले दार

खर्चाचा विचार केवळ पैशांपुरता मर्यादित ठेवल्यास चित्र अपुरे राहते. बेसी कोलमन यांचे चरित्र या संदर्भात विचारात घेणे आवश्यक आहे. १८९२ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीने शिकागो येथे केशकर्तनालयात नखे कोरण्याचे काम करून पैसे साठविले. अमेरिकेतील विमानशाळांनी मात्र वर्ण व लिंग या दोन्ही कारणांनी त्यांना प्रवेश नाकारला. ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट ॲबट यांनी त्यांना फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. त्यासाठी कोलमन फ्रेंच भाषा शिकल्या, नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीने निघाल्या आणि सोम नदीच्या मुखाजवळील ल क्रोत्वा येथील कोद्रों बंधूंनी स्थापलेल्या शाळेत दाखल झाल्या. १५ जून १९२१ रोजी त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला परवाना मिळाला.

कोलमन यांच्या दृष्टीने समुद्रापलीकडची शाळा हीच सर्वांत ‘परवडणारी’ ठरली, कारण जवळची शाळा कोणत्याही किमतीला उपलब्ध नव्हती. प्रवासखर्च, परकी भाषा, परदेशातील निवास ही सर्व भेदभावाची किंमत होती. आपल्या समाजातील तरुणांसाठी स्वतः विमानशाळा काढावी, हे त्यांचे ध्येय होते. ते पूर्ण होण्यापूर्वीच ३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. १९२९ मध्ये लॉस एंजेलिस येथे विल्यम पॉवेल यांनी त्यांच्या नावाने क्लब काढून ते कार्य पुढे नेले.

अध्यापनपद्धती, हलके विमान व क्लब

उड्डाणशिक्षण सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. पहिली गोष्ट अध्यापनपद्धतीची. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे नवी शिक्षणपद्धती रुजविली. विमानात दुहेरी नियंत्रणे असावीत, प्रशिक्षकाने नळीतून विद्यार्थ्याशी सतत बोलावे, आणि धोक्याच्या हालचाली टाळण्याऐवजी त्या मुद्दाम घडवून त्यातून सावरण्यास शिकवावे, ही तिची सूत्रे होती. तोपर्यंत ज्याला चूक म्हणून दटावले जाई, ती आता अभ्यासक्रमाचा भाग झाली.

दुसरी गोष्ट यंत्राची. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी डी हॅविलँड कंपनीच्या ‘मॉथ’ या दोन आसनी विमानाने प्रथम उड्डाण केले. त्याच्या इंजिनाच्या रचनेत युद्धकाळातील शिल्लक इंजिनांच्या भागांचा उपयोग केलेला होता आणि पंख मागे दुमडता येत असल्याने ते ठेवण्यास जागा थोडी लागे. युद्धाने मागे ठेवलेल्या सामग्रीतून शांततेच्या काळातील शिक्षणाचे साधन तयार झाले.

तिसरी आणि निर्णायक गोष्ट संस्थेची. १९२५ मध्ये ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने हलक्या विमानांच्या क्लबांना अनुदान देण्याची योजना आखली. वर्गणीदार सभासद, सामायिक विमाने, पगारी प्रशिक्षक आणि शासकीय अनुदान असा तिचा आकृतिबंध होता. या योजनेचे फलित एमी जॉन्सन यांच्या उदाहरणात दिसते. हल येथील ही पदवीधर तरुणी लंडनमध्ये एका सॉलिसिटरच्या कचेरीत टंकलेखनाची नोकरी करीत असे. १९२८ मध्ये ती स्टॅग लेन येथील लंडन एरोप्लेन क्लबमध्ये शिकू लागली. तेथे तासाचा दर ३० शिलिंग होता. पहिल्या एकल उड्डाणापूर्वी तिला १५ तास ४५ मिनिटांचे शिक्षण घ्यावे लागले. हा अवधी ट्रेंचर्ड यांच्या संपूर्ण शिक्षणाच्या जवळजवळ पंधरापट आहे. तरीही वर्गणी वगळता त्याचा खर्च २४ पौंडांहून कमी भरतो. ज्या ७५ पौंडांत ट्रेंचर्ड यांना ६४ मिनिटे मिळाली, तितक्यात क्लबच्या दराने ५० तास मिळाले असते.

या तुलनेचा अर्थ केवळ स्वस्ताईचा नाही. सावकाश शिकणाऱ्याला वेळ मिळणे, हाच स्वस्त शिक्षणाचा खरा लाभ होय. मिनिटाला डॉलर मोजावा लागला असता तर जॉन्सन बहुधा मध्येच थांबल्या असत्या. त्याच स्त्रीने मे १९३० मध्ये ‘जेसन’ या जुन्या मॉथ विमानातून इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा प्रवास एकटीने १९ दिवसांत केला. वाटेत कराची, झाशी, अलाहाबाद व कलकत्ता येथे त्या उतरल्या होत्या. अर्थात ते विमान विकत घेण्यास वडिलांचे व लॉर्ड वेकफील्ड यांचे साहाय्य लागले. क्लबमुळे शिक्षण परवडले, विमान मात्र परवडले नव्हते.

भारतातील फ्लाइंग क्लब

ब्रिटनमधील हीच योजना दोन-तीन वर्षांत भारतात आली. वास्तविक भारताचा विमानाशी परिचय फार पूर्वीचा. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनी येथे विमानाने टपाल नेले होते. परंतु नागरी शिक्षणाची सोय होण्यास जवळपास दीड तपाचा काळ लोटला. १९२७ मध्ये नागरी विमान वाहतूक खाते निर्माण झाले आणि त्याच वर्षी एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही संस्था स्थापन झाली. सर व्हिक्टर ससून तिचे अध्यक्ष होते. पाठोपाठ दिल्ली, मुंबई, कराची व कलकत्ता येथे सरकारी अनुदानावर फ्लाइंग क्लब सुरू झाले. त्यांची विमाने मॉथ जातीचीच होती.

मुंबईचा क्लब जुहूच्या मैदानावर होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना येथूनच वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. कराचीच्या क्लबमधून आर. एन. चावला व ॲस्पी इंजिनिअर हे तरुण पुढे आले. आगाखान यांनी भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३० मध्ये ते १७ वर्षांच्या ॲस्पी इंजिनिअर यांनी जिंकले व टाटा दुसरे आले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणून भारतीय हवाई सेवेची सुरुवात केली, तर ॲस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. क्लब सुरू झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांत त्यांच्यातून हवाई वाहतूक उभी राहिली, ही या योजनेची मोठी फलश्रुती होय.

या यशाला दोन मर्यादा होत्या. एक मर्यादा निसर्गाची. जुहूच्या मैदानावर पावसाळ्यात पाणी साचत असे. त्यामुळे टाटांची टपालसेवा त्या काळात पुण्याला हलवावी लागे. जेथे विमाने उतरूच शकत नाहीत तेथे शिक्षण चालणेही अवघड. इंग्लंडच्या धर्तीवरील योजनेला मोसमी पावसाचे गणित मांडावे लागले.

दुसरी मर्यादा समाजरचनेची होती. अनुदानामुळे तासाचा दर उतरला, तरी क्लबचे सभासदत्व, मैदानापर्यंत जाण्याचे साधन, इंग्रजी भाषा आणि नोकरी-व्यवसायातून मिळणारी सवड या गोष्टी अनुदानाच्या कक्षेबाहेरच राहिल्या. त्यामुळे युरोपीय अधिकारी, संस्थानिक, उद्योजक व सुशिक्षित नागरी कुटुंबे यांच्यातूनच प्रामुख्याने सभासद आले. स्त्रियांच्या बाबतीतही हेच दिसते. १९३२ मध्ये ऊर्मिला पारीख यांना वैमानिक परवाना मिळाल्याची नोंद आढळते. १९३६ मध्ये लाहोर येथे सरला ठकराल यांनी एका मुलीची आई असताना जिप्सी मॉथ विमानातून एकल उड्डाण केले व पुढे १,००० तासांचा अनुभव मिळविला. त्यांच्या पतीच्या कुटुंबात अनेक वैमानिक होते आणि त्यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. ही कर्तबगारी निर्विवाद आहे. पण ज्या घरात आधीच कोणी आकाशात गेले आहे, त्या घरातील मुलीसाठी दार उघडणे सोपे होते, हेही तितकेच खरे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील शेतकऱ्याच्या वा गिरणी कामगाराच्या मुलासाठी जुहूचे मैदान अंतराने जवळ असले तरी आवाक्याबाहेरच होते.

शासनाने हा भार उचलण्यामागे स्वतःचा हेतूही होता. प्रशिक्षित वैमानिकांचा साठा हाताशी असावा, हा विचार ब्रिटनप्रमाणे येथेही लागू होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलासाठीच्या उमेदवारांना प्राथमिक शिक्षण देण्याचे काम याच क्लबांवर सोपविण्यात आले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. आरंभीच्या उड्डाणशिक्षणात जाहीर शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग होता. मोडतोडीची हमी, आधी पैसे उभे करण्याची अट, प्रवास व निवास यांमुळे प्रत्यक्ष किंमत कितीतरी वाढत असे.

२. शिक्षण स्वस्त होण्यात सामायिक मालकीचा क्लब व शासकीय अनुदान यांचा वाटा यंत्रातील सुधारणेइतकाच महत्त्वाचा होता. जोखीम अनेकांत वाटली गेली, तेव्हाच सावकाश शिकणाऱ्यालाही वाव मिळाला.

३. अनुदानाने तासाचा दर उतरतो, सामाजिक अंतर उतरत नाही. बेसी कोलमन यांना जे वर्णभेदामुळे सोसावे लागले, त्याची निराळी रूपे भारतीय क्लबांतही होती.

४. ज्याने खर्च उचलला, त्याच्या गरजेनुसार वैमानिक घडले. लष्कराने लढवय्ये घडविले, क्लबांनी हौशी वैमानिक व त्यांतून काही प्रवर्तक घडविले.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. स्वातंत्र्योत्तर काळात १९८५ मध्ये रायबरेलीजवळील फुर्सतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी स्थापन झाली, तसेच महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे यांसारख्या ठिकाणी उड्डाणशिक्षण सुरू झाले. जुहूपासून दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय पोचली, हा बदल मोलाचा आहे. मात्र व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे आणि तिच्या पूर्ततेचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबालाही कर्जाशिवाय पेलणारा नाही. परिणामी आजचा विद्यार्थीही कोलमन यांच्याप्रमाणे, जरी वेगळ्या कारणांनी, परदेशातील शाळांचा विचार करतो. अशा विद्यार्थ्याला व त्याच्या पालकांना सल्ला देण्याची वेळ महाविद्यालयीन शिक्षकावर अनेकदा येते. तेव्हा शुल्कपत्रकावरील आकड्याबरोबरच शाळेत चालू स्थितीतील विमाने किती, पावसाळ्यात किती दिवस वाया जातात, जादा तास लागल्यास पैसे कोणी भरायचे आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे प्रश्न विचारण्यास त्यांना सांगितले पाहिजे. लिंकन येथील शाळेच्या दारात १९२२ मध्ये एका तरुणाला याच प्रश्नांची उत्तरे उशिरा मिळाली होती. पुढे त्याचे नाव झाले म्हणून त्याची हकिकत नोंदली गेली. अनामत रकमेअभावी परत फिरलेल्या इतरांची नोंद इतिहासात नाही, आणि उड्डाणशिक्षणाच्या खर्चाचा इतिहास लिहिताना ही उणीव अभ्यासकांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.